मागचं चाक ओरडतं तेव्हा

डहाणूहून बोर्डीकडे निघालं की आगर, नरपड, चिखले, घोलवड अशी गावं एकामागून एक येतात. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या, आणि मधला रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली तर कुणीतरी एकाने कडेला घ्यावंच लागतं. इथे गाडी चालवायची म्हणजे पाय सारखा ब्रेकवर. गतिरोधक, वळणं, आडवी आलेली गुरं, शाळा सुटल्यावरची सायकलींची रांग. पावसाळा सरून दिवाळीला पाहुण्यांच्या मोठ्या गाड्या येऊ लागल्या की या रस्त्यावर एक आवाज हमखास ऐकू येतो. बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो, सफारी असो की फॉर्च्युनर. गाडी थांबायला येते आणि शेवटच्या दहा-पंधरा फुटांत मागच्या चाकातून एक लांब, कानात घुसणारी किंकाळी निघते.

बहुतेक मालक काच वर करतात आणि पुढे जातात. काही जण गॅरेजवाल्याला ‘आवाज तेवढा बंद करून दे’ म्हणून सांगतात, आणि तो देतोही. आठ-पंधरा दिवसांनी आवाज परत येतो. आवाज बंद करणं सोपं आहे. तो का येतो हे शोधणं हे खरं काम, आणि आपल्याकडे नेमकं तेच टाळलं जातं.

आधी आवाज होतो कसा ते पाहू. ब्रेक दाबला की लायनर फिरत्या लोखंडाला भिडतो. ही घासण एकसारखी झाली तर आवाज येत नाही. पण लायनर क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडू लागलं की अख्खा ड्रम किंवा डिस्क थरथरते. ओलं बोट काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरवलं की पेला गातो, तसंच हे. ब्रेकची किंकाळी साधारण एक हजार हर्ट्झच्या वर असते, आणि दोन ते पाच हजार हर्ट्झचे आवाज माणसाच्या कानाला सर्वांत तीव्र ऐकू येतात. म्हणून चाकातला एवढासा कंप शंभर फुटांवरच्या ओटीवर बसलेल्या माणसालाही टोचतो.

हे दुखणं ब्रेकइतकंच जुनं आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने डिस्कवर तांब्याचे तुकडे दाबले. गाडी थांबायची, पण असा कर्कश आवाज करत की लोक हैराण व्हायचे. हर्बर्ट फ्रूडने १९०७ च्या सुमारास त्या जागी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावलं तेव्हा कुठे किंचाळणं आटोक्यात आलं. फेरोडो हे ब्रेक लायनरचं जगभर चालणारं नाव या फ्रूडच्याच कंपनीचं. लुई रेनॉने ड्रम ब्रेक पुढे आणला तोही १९०२ सालीच. म्हणजे आज आगरच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांतले दोन्ही प्रकारचे ब्रेक एकाच वर्षाचे, आणि आवाजाचं दुखणं पहिल्यापासून सोबत आलेलं.

आता मागचंच चाक का? ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो. रिकाम्या गाडीत थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, मागच्या ब्रेकला तुलनेने हलकं काम उरतं. त्यामुळे मागचे लायनर जास्त टिकतात, आणि जास्त टिकतात म्हणूनच वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. हलक्या दाबावर सतत घासत राहिलेला लायनर वरून कडक आणि चकचकीत होतो. तशा लायनरला पकड कमी आणि आवाज फार. शिवाय मोठ्या गाडीत मागचा भार कधीच सारखा नसतो. सकाळी चालक एकटा, दुपारी सात माणसं आणि वर सामान, संध्याकाळी चिकूचे क्रेट. त्यासाठी अनेक गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागे किती दबली ते बघून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. त्याची दांडी चिखलाने, गंजाने अडकली की मागची चाकं एक तर फुकट फिरतात, नाही तर नको तितका भार घेतात. हा व्हॉल्व्ह आपल्या गाडीत आहे हेसुद्धा पुष्कळ मालकांना ठाऊक नसतं.

आणि आपला किनारा. ड्रम आणि डिस्क दोन्ही ओतीव लोखंडाचे असतात आणि घासण्याच्या जागेवर रंग लावता येत नाही. खाऱ्या हवेत गाडी एक रात्र उभी राहिली तरी तिथे तांबूस पापुद्रा येतो. तो रोजच्या गाडीला त्रास देत नाही. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांत खरवडून जातो आणि आवाजही जातो. अशा आवाजासाठी कुणी गॅरेज गाठू नये. पण वाडीवरच्या घरी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या ठेवलेल्या गाडीची गोष्ट निराळी. हँडब्रेक ओढलेला असतो, लायनर लावलेले शू ड्रमला टेकलेले असतात, आणि चार महिने आत ओलावा. शू ड्रमला चिकटून बसतात. दिवाळीला गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला की ‘खाट’ असा आवाज होऊन चाक सुटतं, आणि कधी कधी लायनरचा तुकडा ड्रमलाच चिकटून राहतो. त्यात लोक हौसेने गाड्या समुद्राच्या वाळूत घालतात. ओली खारी वाळू ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, फटीतून आत जाते आणि बाहेर यायला तिला वाट नसते.

निदानाची सुरुवात गाडी न उघडता करायची. आवाज कधी येतो ते आधी नीट पाहा. ब्रेक न दाबता येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर तो ब्रेकचा नसून बेअरिंगचा असू शकतो. सतत खरखर येते आणि गाडी मागे घेतली की थांबते किंवा बदलते, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. तलासरी-उधवा रस्त्यासारख्या खडीच्या पट्ट्यांवरून आल्यावर हे होतं. खड्ड्यात आदळल्यावरच करकर येत असेल तर बोलेरोच्या मागच्या पाट्यांकडे बघा. या तिन्ही गोष्टींसाठी लायनर बदलून दिल्याची उदाहरणं कुठल्याही गावात सापडतील.

ड्रमच्या गाडीसाठी एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने गाडी जाऊ द्या आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा तोच आवाज आला तर दोष मागेच आहे हे पक्कं झालं. कुणाला तरी गाडीशेजारून चालायला सांगितलं तर डावं की उजवं तेही कळतं. दुसरी चाचणी उष्णतेची. पाच-सहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारत गाडी चालवा, थांबवा आणि हाताचा तळवा दोन्ही मागच्या रिमजवळ न्या. टेकवू नका, भाजेल. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आगरजवळच्या एका गॅरेजात जुनी स्कॉर्पिओ उघडली जात असताना मी शेवटपर्यंत तिथे उभा होतो. नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली ही गाडी पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हापासून त्र्यंबक, मोखाडा, जव्हारचे घाट उतरून ती आपल्या भागात घराघरांत आली. पुढे डिस्क, मागे ड्रम ही तिची जुनी रचना. मालक चिकूच्या वाडीचे, साठीच्या पुढचे. वर्षापूर्वीच मागचे लायनर नवे टाकलेले, तरी आवाज परत आला म्हणून वैतागलेले. ‘लायनरच डुप्लिकेट निघाले असणार,’ असं त्यांचं ठाम मत होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी आधी उष्णता पाहिली. डावं चाक उजव्यापेक्षा कितीतरी गरम.

पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता अ‍ॅक्सलखाली घोडी. चाक निघालं, ड्रम निघेना. पोऱ्या हातोडा घेऊन पुढे आला तर मिस्त्रींनी त्याला थांबवलं. ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं होती, गंजाने बुजलेली. ती साफ करून त्यांत दोन बोल्ट घातले आणि दोन्ही पाळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला कोरडा ‘टक’ झाला आणि ड्रम सरळ बाहेर आला. हातोड्याने ठोकून काढलेल्या ड्रमच्या कडेचा टवका उडतो, तडा जातो आणि तो तडा नंतर घाटात दिसतो. बोल्टांना दोन मिनिटं जास्त लागली, तीच बरोबर.

ड्रमच्या आतल्या कडेला गंजाचा उभा वळ होता, नखाला लागेल इतका. शूंवर काळपट भुकटी आणि लायनर आरशासारखे गुळगुळीत. उजव्या बाजूचे लायनर मात्र मळके पण चांगले. मग मिस्त्रींनी मालकांना जवळ बोलावलं.

‘काका, हँडब्रेकचा दांडा खाली करा पूर्ण.’

‘खालीच आहे.’

‘मग हे बघा.’

दांडा खाली असूनही डाव्या शूवरची हँडब्रेकची पट्टी मागे आली नव्हती. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने ती ढकलली तेव्हा करकरत जागेवर गेली. केबलचं बाहेरचं रबर अ‍ॅक्सलजवळ फाटलेलं, आत खारं पाणी शिरून तार गंजलेली. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही. म्हणजे वर्षभर डावा शू ड्रमला जरासा टेकूनच फिरत होता. तो तापला, वरचा थर भाजून कडक झाला, आणि ओरडू लागला. लायनर डुप्लिकेट नव्हते. आधीच्या वेळी लायनर बदलले, केबल कुणी हलवूनही पाहिली नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी कुणी करत नाही. बॅकप्लेटवर शूची कड जिथे टेकते तिथे पत्र्याचे छोटे उंचवटे असतात, साधारण प्रत्येक शूमागे तीन. शू त्यांच्यावरून सरकतो. ते कोरडे पडले, गंजले, किंवा त्यांत शूच्या कडेने खाचा पाडल्या की शू अडखळत सरकतो आणि आवाज करतो. मिस्त्रींनी ते उंचवटे पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले आणि त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका लावला, जास्त नाही. साधं चाकाचं ग्रीस इथे चालत नाही. ते तापून वितळतं आणि लायनरवर उतरतं. मागच्या ब्रेकचे निम्मे आवाज या उंचवट्यांनी जातात, असं ते म्हणाले. नेमका हिशेब कुणी ठेवलेला नसला तरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या पाहता मला ते पटतं.

ड्रम लेथवर फिरवून घ्यायचा ठरलं. त्याआधी त्यांनी ड्रमवर ओतलेला आकडा मालकांना वाचायला लावला. ड्रमचा आतला व्यास जास्तीत जास्त किती चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, तसंच डिस्कवर कमीत कमी जाडी. लेथवाला त्या आकड्यापलीकडे गेला तर ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि आणखी ओरडतो. आकडा ओलांडलेला ड्रम भंगारात द्यावा, दुसऱ्याच्या गाडीला बसवू नये.

व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहिलं. कोरडं होतं. ते ओलं निघालं असतं तर ओल कशाची ते ठरवावं लागलं असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं. अ‍ॅक्सलचं सील फुटून गोळ्यातलं (डिफरन्शियलचं) ऑइल आलं असेल तर ते दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. दोन्हींचे इलाज वेगळे, पण एक गोष्ट दोन्हींत सारखी: ऑइल प्यालेला लायनर परत चांगला होत नाही. पेट्रोलने धुऊन, पेटवून ‘सुकवलेले’ लायनर पुन्हा बसवायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. वरून कोरडा दिसलेला लायनर तापला की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. तसले लायनर लावलेली गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते.

भुकटीबद्दलही बोलायलाच हवं. ड्रम निघाला की पहिलं काम म्हणून हवेचा पाइप घेऊन फर्रकन भुकटी उडवायची, हे दृश्य चारोटी नाक्यापासून अहमदाबादपर्यंत हायवेवर कुठेही दिसेल. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात ते कायमचे, आणि आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो. अहमदाबादच्याच कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांसाठी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला. १९९५ च्या त्या निकालात न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा मूलभूत हक्क मानला आणि त्यांच्या तपासणीच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं. कारखान्यातल्या कामगारापर्यंत तो निकाल पोचला, हायवेवरच्या गॅरेजातल्या पोऱ्यापर्यंत नाही. आता बऱ्याच लायनरांवर अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचं लिहिलेलं असतं. पण जुन्या गाडीत काय बसलंय ते भुकटीकडे बघून कळत नाही. साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा, किंवा ब्रेक क्लीनरचा फवारा मारा, आणि नाकावर मास्क असू द्या. आपल्या गाडीची भुकटी पंधरा वर्षांच्या मुलाच्या छातीत जाऊ नये एवढं बघणं मालकाच्या हातात आहे. पोऱ्या आपलं काही बोलू शकत नाही. आपण बोललं पाहिजे.

नव्या मोठ्या गाड्यांत मागेही डिस्क येते. एक्सयूव्ही ५०० मध्ये २०११ सालीच चारही चाकांना डिस्क होत्या, आता तर ते नेहमीचं झालं आहे. तिथला आवाज वेगळा ऐकावा लागतो. पॅड झिजत आला की त्यावरची पत्र्याची लहान जीभ डिस्कला लागते आणि बारीक, सततची चिरचिर येते. ती सूचना म्हणूनच बसवलेली असते. पॅडवरचा मसाला तीन मिलिमीटरपर्यंत आला की बदलावा. पॅड जाड आहे तरी आवाज येतोय, तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बघा. त्यांचं रबर फाटलं की खारा ओलावा आत जातो, पिन अडकते, आणि आतला पॅड संपत येतो तरी बाहेरचा नवाकोरा राहतो. पिन साफ करून तिच्यासाठीचंच ग्रीस लावलं, पॅडमागची पातळ पट्टी आणि क्लिपा जागेवर आहेत ना पाहिलं, की बहुतेक काम होतं. या पट्ट्या कंप जिरवायला असतात. पॅड बदलताना त्या टेबलावर राहून जातात आणि मग नवा पॅड पहिल्या दिवसापासून ओरडतो. एक इशारा: ज्या गाडीत हँडब्रेक बटणावर चालतो, तिचा मागचा पिस्टन जोर लावून आत दाबू नका. आधी संगणकावरून त्याला सर्व्हिससाठी मोकळं करावं लागतं. न करता दाबलं की आतली मोटर जाते, आणि ती फार महाग पडते.

पार्ट्स कुठून घ्यायचे? तलासरीकडची माणसं सरळ वापीला जातात, डहाणूची पालघर-विरारला. कुठूनही घ्या, पण दोन्ही मागच्या चाकांचे एकाच वेळी आणि एकाच कंपनीचे घ्या. एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना लायनर असेल तर गाडी सरळ थांबत नाही.

नवे लायनर किंवा पॅड बसवल्यावर त्यांना रुळू द्यावं लागतं, आणि इथेही लोक घाई करतात. पहाटेचा मोकळा रस्ता बघा, ताशी पन्नासपर्यंत जा, मध्यम दाबाने वीसपर्यंत उतरा, थोडं मोकळं चालू द्या, पुन्हा तेच. आठ-दहा वेळा. पूर्ण थांबू नका, आणि तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. हे न करता दुसऱ्याच दिवशी सात माणसं घालून जव्हारचा घाट उतरलात, तर नवे लायनर त्याच दिवशी भाजतात. घाट तसाही ब्रेकवर उतरायचा नसतो. कासा-जव्हार रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचं आणि ब्रेक अधूनमधून. काळीपिवळी जीपवाले वर्षानुवर्षं असंच उतरतात; त्यांच्याकडून शिकावं.

घाटाचा आणि ब्रेक ऑइलचा संबंध जिवाशी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दमट किनाऱ्यावर तर फारच. ताजं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५ अंशांनाच उकळू शकतं. उतारावर ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून, हवा काढून घ्या. मागच्या चाकांचं काम निघालंच आहे तर त्याच वेळी.

पाणी मारून, खडू लावून, लायनरला तेलाचा थेंब देऊन आवाज घालवणारे अजून भेटतात. तेलाने आवाज जातो, कारण पकडही जाते. असं करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. समुद्रावर गाडी नेलीच तर परतताना गोड्या पाण्याने चाकं आणि खालची बाजू धुवा, मग हलके ब्रेक मारत थोडं चालवून ते कोरडे करा. वाडीवर महिनाभर गाडी ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा, हँडब्रेक सैल.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. दिवाळीनंतर एक सकाळ काढून मागची दोन्ही चाकं उघडून घ्या, आणि डहाणूच्या महालक्ष्मीच्या चैत्रातल्या यात्रेनंतर, पाऊस लागण्यापूर्वी, पुन्हा एकदा. काम चालू असताना तिथेच उभे राहा. मिस्त्रीला विचारा: केबल परत येते का, उंचवटे साफ केले का, ड्रमवरचा आकडा किती. जुने शू, जुने पॅड, जुनी केबल हातात घेऊन बघा, आणि आवाजाचं कारण त्याने तुम्हाला बोटाने दाखवल्यावरच पैसे द्या.